बिनशाईचा श्री

आप्पा, आपल्या छापखान्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की मास्तरांसाठी छापलेल्या दहा आज्ञांच्या पानावर तुम्ही वरची जागा कोरी सोडली. ते चुकलं. मास्तरांच्या मुलीने, म्हणजे बाईंनी, ते पान गेल्या आठवड्यात मोठं करून द्यायला माझ्याकडे दिलं. जुन्नरच्या प्रार्थनागृहात लावायचं आहे. खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा पहिल्या ओळीच्या वर कागद दबलेला दिसला. बोट फिरवलं. श्री.

मास्तर आले तो दिवस मला आठवतो. मी खोक्यावर उभी राहून शिशाची अक्षरं ओळखायला शिकतेय. शाळेच्या आधी वाचायला तुम्हीच शिकवलंत, तेही उलटं. मास्तरांच्या हातात पहिल्या मिशनऱ्यांच्या काळातलं, घडीवर फाटलेलं बायबलमधल्या दहा आज्ञांचं पान. वेलबुट्टी नाही, चित्र नाही, फक्त 'देव' हा शब्द येईल तिथे ठळक. "भाऊ, जसंच्या तसं छापा. वर श्री नको बरं." तुम्ही हसता. "मास्तर, पत्रिका असू दे न्हाईतर पावती, कोऱ्या कपाळाचा कागद आपल्या मशीनवर चढत न्हाई." मास्तर म्हणतात, "कोरं नाही ते, मोकळं ठेवलंय. देवाच्या नावाआधी दुसरं नाव नको, म्हणून छापणाऱ्यांनीच मुद्दाम तसं केलं." लग्नपत्रिका न्यायला आलेले राजुरीचे पाहुणे म्हणतात, "घ्या राव, मशीनच बाटवा आता." तुम्ही तिकडे बघत नाही. "न्हाई छापत श्री. शब्द दिला, मास्तर."

दुपारी तुम्ही शाईचे रूळ काढून ठेवलेत आणि सगळे कागद कोरडेच मशीनमधून काढलेत. मी म्हटलं, आप्पा, काहीच उमटत नाही. "गप. कागद सरळ करतोय." इतकी वर्षं मी ते खरं मानलं; मशीनवर तेव्हा नुसता श्री चढवलेला होता, हे आता कळतंय. शाई लागली नाही म्हणजे छापलं नाही, असं तुम्ही मनाशी ठरवलं असणार. पण मास्तरांनी मोकळी जागा मागितली होती. 'माझ्याखेरीज दुसरे देव नकोत' या पहिल्याच आज्ञेच्या डोक्यावर तुम्ही दुसरं नाव दाबून ठेवलंत, आणि त्यांनी ते पान मरेपर्यंत बायबलमध्ये जपलं. तुम्ही त्यांना फसवलंत, की तुम्हाला भीती वाटली? वाटली असेल तर कोणासाठी, मशीनसाठी की आमच्यासाठी? सांगायला तुम्ही नाही, ऐकायला ते नाहीत. आणि बाई माझा लेख प्रार्थनागृहाच्या मंडळीत वाचून दाखवतात. मला म्हणतात, "तुझ्या वडिलांनी आमच्या बाबांचं मन राखलं गं." मी हो म्हणते.

स्कॅन केलेल्या पानावरचा तो दाब कॉम्प्युटरवर सहज पुसता येतो. एकदा पुसलाही. पान मोकळं झालं, मास्तरांना हवं होतं तसं. मग मी तो परत आणला. खरं तेच ठेवावं म्हणून आणला, असं बाईंना सांगता येईल, पण तुमच्या हाताचं माझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही, एवढंच कारण होतं. ते मी त्यांना सांगणार नाही. बाकी सगळं सांगेन, कागदावर त्यांचं बोट ठेवून, आणि ते पान लावायचं की नाही हे त्या ठरवतील. या रविवारी, उपासना सुटल्यावर.