नर्सबाईंचे तीन प्रश्न

१४ मार्च, शनिवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण व्याख्यानाला उभी राहिले की गप्प बसतो.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजचा फुटबॉल संघ पहिले चार सामने हरला आणि पुढे एकही हरला नाही, करंडक आला, प्राचार्यांनी तुला, म्हणजे प्रशिक्षकाला, मिठी मारली, यावर दीड पान. जखमी गोलकीपरवर दोन ओळी. त्यातली एक अशी की चूक नर्सबाईंची.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी वर्गात शिकवत आले. उदाहरण घरातच मिळेल असं वाटलं नव्हतं.

ती बाई कशी काम करते, तुला ठाऊक आहे. खेळाडूच्या डोक्याला मार लागला की तीन प्रश्न: कितवा हाफ, गोल किती, समोर कोण. एक उत्तर चुकलं तरी बाहेर. उपांत्य सामन्यात तिने तुझ्या कॅप्टनला बसवलं, तेव्हा तू पाण्याची बाटली आपटलीस. ती हलली नाही. आणि आता सोमवारच्या चौकशीत मी सांगायचं की तिने हलगर्जी केली? "ताई, तू बोललीस की दगडही मान डोलावतात," असं वर लिहितोस. लाज वाटू दे.

गोलसमोरून हलत नाही म्हणून ज्याला तुम्ही 'भिंत' म्हणता, तो काल माझ्या तासाला आला होता. एक परिच्छेद वाच म्हटलं. दोन ओळींनंतर अक्षरं पोहतात म्हणाला आणि खिडकीशी जाऊन ओकला. अंतिम सामना त्याला आठवत नाही. आपण जिंकलो ना, असं मित्रांना विचारत असतो. डॉक्टर म्हणतात, पहिल्या धडकेनंतर बाहेर काढला असता तर निभावलं असतं. दुसरी भोवली.

त्या पहिल्या धडकेपाशी यायचं मी इतका वेळ टाळते आहे.

तो खांबावर आपटून खाली बसला होता. एक-एक बरोबरी, वीस मिनिटं उरलेली. नर्सबाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर, मी तिच्यामागे रेषेबाहेर, तिची पाठ माझ्याकडे. तिने विचारलं, त्याने वर पाहिलं. डोळे रिकामे होते. मी दोन बोटं दाखवली. मग दोन्ही हातांचं एकेक. मग आवाज न करता, नुसत्या ओठांनी, समोरच्या कॉलेजचं नाव. तो सगळं बरोबर बोलला. माझाच विद्यार्थी, माझ्याकडे बघून उत्तर द्यायची त्याला सवय. तिने विश्वास ठेवला. तू बाकावरून पाहिलंस आणि हसलास.

तीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली, व्यासपीठांवरून सत्यावर घसा कोरडा केला, आणि एका करंडकासाठी शुद्ध हरपत चाललेल्या पोराला उत्तरं पुरवली. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

तू खोटं लिहिलंस याचा राग त्यामानाने कमी आहे. मी साथ देईनच हे तू गृहीत धरलंस, त्याने अंगाची आग होते. आणि ते गृहीत धरायला तुला मीच शिकवलं.

सोमवारी मी बोलणार आहे. आधी मी काय केलं ते, मग तू काय पाहिलंस ते. माझी नोकरी जाईल, तुझीही जाईल. उद्या सकाळी नर्सबाईंच्या घरी जाऊन हे त्यांना सांगणार आहे; चौकशीत सगळ्यांसोबत त्यांच्या कानावर पडावं, एवढा अपमान त्यांचा आणखी नको. यायचं तर नऊला ये. नाही आलास तर मी थांबणार नाही.

तुझी, पण यापुढे तुझ्या वतीने न बोलणारी,
ताई