गालिचा धुऊन आल्यावर

४ नोव्हेंबर
मिरजोळ्याहून गालिचा धुऊन आला. आतेच्या यजमानांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेला. त्याचा खरा लाल रंग मी आज पहिल्यांदा पाहिला. आणणाऱ्याने बजावलं, पूर्ण सुकेपर्यंत पाय नको, पंखा चालू ठेवा. मग आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम. काही सांडलं तर टिपायचं, घासायचं नाही.
आते म्हणाली, "तुझ्या पोरी येवदेत. पण गालिचा खराब झाला तर शिकवणी बंद हां."
हॉल तिचा. मी इथे पाहुणीच.

६ नोव्हेंबर
व्हॅक्यूम. आधी उभा, मग आडवा, सावकाश. झालर सोडून, नाहीतर धागे ओढले जातात.
संध्याकाळी मिरकरवाड्याच्या, कोळीवस्तीतल्या मुली शिकवणीला आल्या. दारातल्या नळावर पाय धुतले. कुणाच्या घरात शिरताना धुवायचेच, मीही गावात तशीच वाढले. आणि ओल्या पायांनी थेट गालिच्यावर.

८ नोव्हेंबर
कोपऱ्याला कुबट वास. खाली हात घातला तर फरशी ओलसर. कोपरा स्टुलावर उचलून ठेवला, पंखा लावला. आतेला बोलले नाही.

९ नोव्हेंबर
मुलींना म्हटलं, "आजपासून गालिच्यावर नको, पडवीत बसू."
समीक्षाने विचारलं, "आमच्या पायांमुळे?"
मी हो म्हटलं. घाईत होते, गणित सुरू करायचं होतं.

११ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. कालही नाही. पडवीत सतरंजी घालून वाट पाहिली.

१२ नोव्हेंबर
आजही नाही.
गरज नसताना व्हॅक्यूम केला. मशीनचा आवाज असतो तोवर बरं. नंतर घर फारच गप्प. आते देवळात.
बाबांचा फोन. "नोकरीचं काय?" गावभर सांगतात, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्यांना काय सांगू, की मला या मुली दहावीच्या पुढे जायला हव्यात, आणि मीच त्या मुलींना…

१३ नोव्हेंबर
बाजारात समीक्षाची आई भेटली. "पोरींच्या पायांना मासळीचा वास येतो ना, ताई? मग नको."
तिच्या शेजारची मासळीवाली म्हणाली, "मासळी यांना ताटात चालते गो, दारात नाय!"
दोघी हसल्या. वास नाही, पाणी. एवढंच म्हणायचं होतं. न म्हणताच पिशवी घेऊन घरी आले.

१४ नोव्हेंबर
आतेला सगळं सांगितलं. कुबट वासाचंही.
"जुना टॉवेल टाकायचा होतास गो दारात! पोरींना कशाला बोललीस?"
खरंच सुचलं नाही. गालिच्याची इतकी काळजी घेत होते मी.
"आता जा नि सांग. फोन नको करू."

१६ नोव्हेंबर
मिरकरवाड्यात गेले. समीक्षा आईबरोबर दारात कोलंबी सोलत बसली होती. कुणी बस म्हटलं नाही. मीच बसले, सोलायला घेतली. पाण्याचं, ओल्या फरशीचं, टॉवेलचं, सगळं सांगितलं. चुकलं म्हटलं.
"असं होय," आई म्हणाली. सोलणं चालूच.
"उद्या पाठवाल?"
"माल आलाय खूप. बघू."
मी सोलत राहिले. मग समीक्षा मान वर न करता म्हणाली, "ताई, सरासरीचं गणित अर्धंच राहिलंय."
आईचे हात थांबले. तिने समीक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग समीक्षापुढची कोलंबी आपल्याकडे ओढून घेतली.