पुडिंगच्या वाटीतलं दही

पासिर रिस, सिंगापूर, ४ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप नीताताईस, निशिकांतचा वाकून नमस्कार. इथे आम्ही तिघंही धडधाकट. भाऊजींचा गुडघा आता जिने चढू देतो का? (देत असला तरी ते तुला सांगायचे नाहीत, भाजी आणावी लागेल.)

गणपतीत मंडळाचं नाटक झालं. विश्वास ओकांनी (बँकेत मोठे साहेब, म्हणून दिग्दर्शकही तेच) एक जुनी इंग्रजी कॉमेडी मराठीत आणली. महायुद्धाचा काळ, इंग्लंडातलं खेडं, अंडीसुद्धा रेशनवर आणि घरचा मुलगा चार दिवसांच्या रजेवर आलेला. बाप मी, आई मेधा, मुलगा आमचा तन्मय. एकाच घरातले तिघे घेतले की तालमीला कोणी दांडी मारत नाही, असा ओकांचा होरा. (मी दोनदा मारली.) हा बाप दिवसभर कोंबड्यांवरून भांडत असतो, त्यामुळे मला अभिनय करावाच लागला नाही, असं मेधाचं मत.

शेवटी मुलगा आघाडीवर परत निघतो. आईनं त्याच्या गालाचा मुका घ्यायचा, बापानं कोंबडीवरून विनोद करायचा आणि पडदा. तालमीत हे पंधरा वेळा बिनचूक झालं. पण त्या दिवशी तन्मय भाड्याचा खाकी गणवेश चढवून दाराशी गेला, आणि मेधानं टेबलावरची पुडिंगची वाटी उचलली (पुडिंग म्हणून आत घरचं दहीच होतं) नि चमचाभर दही त्याच्या तळहातावर घातलं. कार्ट्यानं ते चाटून बुटांसकट वाकून नमस्कार केला, आधी तिला, मग मला. इंग्लंडच्या फौजेत असं प्रथमच घडलं असावं! लोक हसून हसून बेजार. माझी कोंबडी घशातच अडकली. मी म्हणालो, "नको जाऊस रे." हे काही संहितेत नव्हतं. डिसेंबरात तन्मयला इथल्या सक्तीच्या भरतीत सैन्यात दोन वर्षं खरोखरच जायचंय, हे निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ओकांनी घाईघाईनं पडदा ओढला.

त्याला यातून सोडवायला त्याचा पीआर (इथे कायम राहायचा परवाना) परत करून तुझ्याकडे पुण्याला धाडायचं आपलं ठरलंच होतं. तू कॉलेजचा फॉर्मही आणून ठेवलास. विंगेत तो मला त्याच्या इथल्या इंग्रजीत म्हणाला, "बाबा, ऑल माय फ्रेंड्स गोइंग, लाह. हाऊ कॅन आय रन?" ताई, शाळा इथली, सवंगडी इथले, खाल्लं-प्यालं इथलं. वेळ आली की पळ काढ, हे त्याला कुठल्या तोंडानं शिकवू? मला भीती वाटते गं, फार वाटते. तरी तो फॉर्म फाडून टाक.

बाकी मी अगदी खंबीर आहे. काळजी आहे ती मेधाचीच.

तुझा धाकटा,
निशी

ता. क. भरतीच्या दिवशी घरच्यांनाही बोटीनं बेटावरच्या छावणीत नेतात, जेवू घालतात आणि परत पाठवतात. मेधा म्हणते, त्यात काय एवढं. जाताना मीही जाईन. पण त्याला तिथे ठेवून परतीच्या बोटीत बसणं माझ्यानं व्हायचं नाही. तू ये. तिकीट पाठवतो.

ता. क. २. तन्मय खुशीत आहे. आत्या आपल्याला निरोप द्यायला येतेय, असं त्याला वाटतंय. वाटू दे.