दराडे साहेबांचा दौरा, माझ्या नियोजनाखाली

२८ एप्रिल २००३, सोमवार
आजपासून रोजनिशी लिहिणार. निर्णय पक्का. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या नोंदी असाव्यात. मी सध्या वारंगा फाट्यावरच्या आमच्या मंडळाच्या बियाणे गोदामात हंगामी मदतनीस आहे. 'सध्या' हा शब्द मुद्दाम लिहिला.

आमचे गोदामपाल माणिकराव आज म्हणाले की पुढच्या सोमवारी औरंगाबादहून दराडे साहेब तपासणीला येणार. मदतनीसाची जागा कायम करायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार. म्हणजे ठरलंच. संध्याकाळी आईला सांगितलं. जेवणाआधी तिनं अर्ध्या तांड्याला कळवलं की प्रेमदास कायम झाला. थोडी घाई झाली, पण बातमी चुकीची म्हणता येणार नाही.

३० एप्रिल
दौऱ्याची जबाबदारी माझ्यावर आली. साहेबांना हिंगोलीच्या विश्रामगृहातून घ्यायचं, औंढ्याला नागनाथाचं दर्शन, शिरड शहापूरला माणिकरावांच्या सोयऱ्याकडे आमरसाचं जेवण, मग गोदाम. बरोबर साहेबांच्या मातोश्री आहेत. त्यांना अभिषेक करायचा आहे.

मी सुचवलं की तपासणी आधी घ्यावी, देव नंतर. माणिकरावांनी तंबाखू मळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, दर्शन निवांत होऊ दे, जेवण निवांत होऊ दे, साहेबाला दुपारी तिथंच पडू दे. गोदामाला ऊन उतरल्यावर आलात तरी चालेल. उलट तसंच ये. हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांना वेळेची किंमत नाही. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसल्यावर माणसाचं असंच होतं.

१ मे
सुट्टी. तरी गोदामावर गेलो. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शिस्त दिसली.

गोदामाच्या पुढच्या भागात सोयाबीनचं बियाणं आहे. मागच्या भागात माणिकरावांच्या मेव्हण्याची हळद आहे, पार छतापर्यंत. नवा असताना मी विचारलं होतं, हळद काहून ठेवली? तेव्हा माणिकरावांनीच समजावलं की हळदीच्या वासानं बियाण्याला कीड लागत नाही. अगदी शास्त्रीय. मंडळाला औषध फुकट. एवढी मोठी गोष्ट माणिकराव विनयामुळे साहेबांना सांगणार नाहीत. मी सांगणार.

३ मे
नियोजन पूर्ण.

एसटीडीवरून औंढ्याच्या गुरुजींना फोन केला. अभिषेकाला किती वेळ लागतो विचारलं. त्यांचं उत्तर ऐकून धक्काच बसला. मी म्हणालो, सरकारी दौरा आहे, थोडक्यात आटपा. गुरुजी म्हणाले, थोडक्यात होतं त्याला नमस्कार म्हणतात. मग मी अभिषेक रद्द केला.

जेवणही रद्द. आमरसावर माणसाला झोप येते, हे माणिकरावांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. जीपमध्ये केळी आणि बिस्किटं ठेवणार. गोदामावर दुपारच्या आत. माणिकरावांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना एकदम आनंद होऊ दे.

निश्चय : नखं खायची नाहीत. सोमवारी पोट बिघडू द्यायचं नाही.

४ मे
पोट बिघडलं. आईनं ओवा दिला. उद्याचं यश अंगावर येत असावं.

५ मे, पहाट
शर्टाला इस्त्री केली. कॉलरवर डाग पडला. दुसऱ्या शर्टाला इस्त्री केली.

५ मे, संध्याकाळ
दौरा पार पडला. ठरल्यापेक्षाही लवकर. सविस्तर लिहितो.

जीप रूपसिंगकाकांची. आमच्याच तांड्याचे आहेत, पण शिस्तीचा गंध नाही. हिंगोलीतून निघाल्यापासून बैलगाडीच्या चालीनं. वाटेत त्यांनी जीप थांबवली आणि बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले. काय बिघडलं विचारलं, तर डोळा मिचकावला. धूळ गेली असावी. मी स्वतः किल्ली फिरवली, जीप लगेच सुरू झाली. इतकी वर्षं गाडी चालवून यांना इंजिन कळत नाही. मला बाजूला ओढून म्हणाले, "घाई कोणाला हाय रे प्रेम्या? सायबाला न्हाई, म्हातारीला न्हाई, माणिकरावाला तर मुळीच न्हाई." मी म्हणालो, मला आहे. त्यावर त्यांनी बिडी पेटवली.

औंढ्याला सोमवारची गर्दी. लोकांना रांग म्हणजे काय हे शाळेत शिकवायला हवं. एक बाई तर नातवाला पुढे सरकवायची आणि मग त्याला घ्यायला म्हणून स्वतः पुढे जायची. नंदी देवळाच्या मागे आहे. म्हणजे नियोजनाचा अभाव इथं जुनाच. एक भाविक मला देऊळ कसं फिरलं ती कथा सांगायला लागले. मला तेवढा वेळ नव्हता.

गाभारा खाली तळात आहे. उतरायला अरुंद जागा, एकेकानं वाकून, बसत बसत जायचं. मातोश्री पूजेचं ताट घेऊन तिथं उभ्या. वय झालेलं, गुडघे धरलेले. त्या उतरून वर येईपर्यंत माझं सगळं नियोजन कोलमडलं असतं. मी नम्रपणे सांगितलं की अभिषेक आज नाही, वरूनच हात जोडावेत, महादेव काय सगळीकडे असतो.

त्या म्हणाल्या, "सगळीकडं असता तर एवढ्या उन्हात मी इथं कशाला आले असते?"

साहेबांचे कान लाल झाले होते. ऊन फार होतं. मातोश्रींनी वरून हात जोडले आणि ताट तसंच माझ्या हातात दिलं. पुढचा सगळा प्रवास ते मांडीवर होतं. दूध शर्टावर सांडलं.

शिरड शहापुरात माणिकरावांचे सोयरे रस्त्यावर उभे राहून हात करत होते. मी रूपसिंगकाकांना थांबू दिलं नाही. साहेबांना केळं दिलं. त्यांनी ते बराच वेळ नुसतं हातात धरलं. मातोश्री बिस्किटाला शिवल्या नाहीत. उपास असेल.

गोदामावर पोचलो तेव्हा दारात ट्रक उभा, अर्धा हळदीनं भरलेला. रोजंदारीवर येणाऱ्या सोजराबाई आणि दोन हमाल पोती काढत होते. माणिकराव बनियनवर बाजेवर आडवे, पोटावर ट्रान्झिस्टर. साहेब येणार त्याच दिवशी हळद हलवायची ही काय पद्धत? आज कीड लागली असती तर?

माणिकराव उठून बसले. साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला विचारलं, "औंढ्याचं देऊळ बंद हाय का आज?"

मी सांगितलं, देऊळ उघडं आहे, पण मी वेळ वाचवला. मग साहेबांना आत नेलं आणि हळदीचं सगळं शास्त्र समजावलं. श्रेय माणिकरावांना दिलं, नाव घेऊन, दोनदा. सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. हळदीची धूळ फार उडते. साहेब हळदीकडे बघत होते. माणिकराव छताकडे.

नंतर ते दोघे लिंबाखाली जाऊन बराच वेळ बोलले. तांत्रिक विषय असावा. परत आले तेव्हा साहेब मोकळे दिसले. हळदीची दोन पोती जीपमध्ये ठेवायला सांगितली. नमुना म्हणून प्रयोगशाळेत पाठवणार, हे उघड आहे. मातोश्रींनी एक हळकुंड मोडून वास घेतला आणि दिवसात पहिल्यांदा हसल्या. शास्त्र म्हाताऱ्या माणसालाही पटतं, सांगणारा हवा.

सोयाबीन पाहायचं राहिलं. साहेब म्हणाले, दिसलं.

६ मे
माणिकराव माझ्याशी बोलत नाहीत. माणूस भारावला की असं होतं. रूपसिंगकाका मला पाहिलं की कपाळावर हात मारतात. त्यांना मी लहान असल्यापासून माझं कौतुक आहे.

सोजराबाईंनी विचारलं, "दादा, तुमी खरंच तसे हाव का वरून दाखवता?" मी म्हणालो, जसा आहे तसाच दाखवतो. त्यांना पटलेलं दिसलं.

९ मे
प्रयोगशाळेचा निकाल काय आला, माणिकरावांना विचारलं. ते उठून बाहेर गेले.

१४ मे
सेनगावचे पाहुणे आईकडे येऊन गेले. मुलगी दहावी आहे. मुलगा कायम आहे का, एवढंच विचारलं. आई म्हणाली, साहेबानं पाठ थोपटून सांगितलंय. पाठ थोपटली नव्हती. पण साहेबांचा हात तेव्हा केळ्यात गुंतला होता.

निश्चय : कायम झाल्यावर पहिल्या महिन्यात गोदामात रांगेसाठी दोरी बांधायची. नखं.

२१ मे
औरंगाबादचं पत्र आलं. माणिकरावांनी मला खुर्ची दिली आणि मोठ्यानं वाचलं.

तपासणी समाधानकारक. गोदाम नीटनेटकं. कीड नाही. मी मान हलवत होतो. पुढे असं की, संपूर्ण तपासणी अत्यल्प वेळात पूर्ण झाली. त्यावरून या गोदामात दुसऱ्या माणसाला पुरेल एवढं काम नसल्याचं स्पष्ट होतं. सबब मदतनीसाचं पद रद्द. हंगामी मदतनीसास महिनाअखेर कमी करावं.

मी पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. एकही चूक नाही.

माणिकरावांनी खांद्यावर हात ठेवला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच नीट बोलले. "तुला म्हणलं व्हतं लेकरा, सायबाला दिवसभर फिरव. तूच दाखवून देलं, हितं किती कमी काम हाय ते."

मी म्हणालो, बराबर आहे.

त्यांनी दोन चहा सांगितले. आणायला दुसरं कोणी नव्हतं, मीच गेलो.

घरी काय सांगायचं, त्याचं नियोजन अजून झालेलं नाही.