आवडीचा कौल

प्रिय वैशू,

कौल काय पडला, ते तुला पहिल्याच ओळीत हवं असणार. मिळणार नाही. म्हणूनच मी फोन केला नाही. फोनवर तू "ताई, सोमजाई काय म्हणाली?" एवढंच विचारलं असतंस आणि माझं सगळं पोटातच राहिलं असतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा गप बसून वाच, आणि शेवटाकडे आधी डोळा टाकलास तर माझी शपथ आहे.

मी तुझ्यावर जळते. लिहूनच टाकते, म्हणजे बरं. तुझी हळद दळून ठेवलेली होती, मांडवाचे वासे अंगणात येऊन पडले होते, आणि तू सुहासरावांबरोबर निघून गेलीस. दुसऱ्या समाजातला जावई म्हणून गावकीने ठरवलं की वैशालीने देवळाची पायरी चढायची नाही, शिमग्याला पालखीची ओटी भरायची नाही. बाबा त्यानंतर वर मान करून चालले नाहीत. ते सगळं मी बघितलं, कारण मी इथेच होते. सासर मिळालं तेही त्याच वाडीत, आईपासून दोन घरं सोडून. आईचं पाणी मी भरते, गुडघ्याला तेल मी लावते, दर मंगळवारी सोमजाईचं देऊळ झाडून दिवा लावते. नाव माझं आवडी, आणि लाडकी मात्र तू. भाकरी जरा करपली तरी आई म्हणते, "वैशूला अशीच आवडायची गो." अगं, जी भाकरी करते तिला कशी आवडते ते एकदा तरी विचार ना!

तू आणि आई पोलादपूरच्या स्टँडवर चोरून भेटायच्या, ते मला कळत नव्हतं असं समजू नको. आई बाजाराला म्हणून जायची आणि पिशवीत तुमच्या महाडच्या बेकरीची खारी घेऊन यायची. पोलादपुरात मिळाली म्हणायची. मी चहात बुडवून खायची आणि मनात म्हणायची, खा आवडे, बहिणीची खारी खा. आणि दर शिमग्याला पालखी दारात आली की आई माझ्या हातून दोन खण ठेवायची. एक माझा, एक "वैशूच्या नावाचा". तुझा काठाचा असायचा. माझा साधा.

पण आईचं एक वेळ सोड, ती जन्मदाती आहे. माझं खरं भांडण सोमजाईशी आहे. लग्नानंतर मी किती वेळा कौल लावला असेन, ते हैबती गुरवालाच विचार. आई, माझी कूस उजव, एवढंच मागणं. तो गाऱ्हाणं घालायचा, पाषाणाला दोन्ही बाजूंना फूल चिकटवायचा, आणि मी डोळे फाडून बघत बसायची. उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार, आणि माझं दर वेळी डावं. शेवटी तुझे दाजी चांगूच म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. किती वेळा नाय म्हणायला लावशील तिला?" मी विचारायचं सोडलं. दिवा लावायचं सोडलं नाही. का ते मलाही सांगता येणार नाही. राग आला म्हणून आईच्या घरी जायचं कुणी सोडतं का?

आणि दिवाळीत तुझा फोन आला. "एकदा लेकीला, अनुष्काला घेऊन ओटी भरायला येऊ का?" आई रडली, गावकीपुढे पदर पसरला. गावकीने सांगितलं, आम्ही कोण, देवीलाच विचारा. आई कौलाला बसायला निघाली तेव्हा मी तिला अडवलं. म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, मी बसते. सगळ्यांना वाटलं, केवढी माया बहिणीची! अगं माया कसली? माझ्या तोंडून विचारलं की फूल डावीकडेच पडतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं फुटकं नशीब एकदा तरी माझ्या कामाला येईल, असं म्हणून मी बसले.

मी देवळातून बाहेर आले ती रडतच. आई पायरीखाली बसलेली. माझं तोंड बघून ती काय समजायचं ते समजली. पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "उगी गो. बहिणीसाठी एवढी रडतेस! नाय म्हणाली तर नाय म्हणाली, पोर आपलीच हाय." मी जळून रडत होते, वैशू, आणि आईला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. मी तिला तसंच समजू दिलं आणि हात धरून घरी आणलं.

काल संध्याकाळी बघते तर तिने ट्रंकेतून पुन्हा दोन खण काढलेले. मी म्हटलं, देवी नाय म्हणाली ना, मग हा कशाला? म्हणाली, "ती नाय म्हणंल, गावकी नाय म्हणंल. मी कधी म्हणाले?" तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. खरं काय ते सगळं सांगितलं, जळले तेही सांगितलं. आई हसायलाच लागली. म्हणाली, "जळ की. माझ्याजवळ नाय जळणार तर कुठं जाशील?" आणि काठाचा खण माझ्या मांडीवर ठेवला.

तर ऐक आता. हैबतीचं गाऱ्हाणं अर्ध्यावरच होतं, तेवढ्यात उजवं फूल पडलं. मी म्हटलं, वारा असेल, पुन्हा लाव. तो चिडला, पण लावलं. पुन्हा उजवं. मी तिथेच सोमजाईला ओरडून विचारलं, इतकी वर्षं मी झाडते, आणि देतेस ते हिला? हैबती हळूच म्हणाला, "आवडे, इचारलं कोणी? तू. मग कौल कोणाला दिला?" रात्रभर तेच डोक्यात होतं. गावकीला मी आज सकाळी सांगून आले. शिमग्याला पालखी आपल्या दारात येईल तेव्हा तू, अनुष्का आणि सुहासराव माझ्या शेजारी उभे पाहिजेत. जळायची मी थांबेन, असं वचन देत नाही. पण सोमजाईने आयुष्यात मला एकच उजवा कौल दिलाय, वैशू. तो वाया घालवू नको. ये.

अजूनही थोडी जळणारी, पण तुझीच,
आवडीताई