चैत्री पुनवेच्या आत अर्धा मण

२ मार्च १९६२, शुक्रवार

गुंडाप्पा आडत्याचा काटा खोटा आहे. माझं वजन दोन मण निघणं शक्यच नाही. पारड्याखाली त्यानं पाय लावला असणार. धोतर एवढं लांब सोडतो ते कशासाठी?

श्री तुळजाभवानी प्रसन्न.

ही डायरी गेल्या सालची. राघूला कचेरीत कुणी दिली, त्यानं लिहिली नाही. वार खोडून मी लिहिते. चार बुकं शिकले तेवढ्यात भागतं. कुणी वाचायची नाही.

हकीगत अशी. गेल्या श्रावणात मला टायफाइड झाला. तेव्हा राघूच्या बायकोनं, चंद्रप्रभेनं, देवीला नवस बोलला की सासूबाई उठल्या तर त्यांच्या भारंभार गूळ वाहीन. मला विचारलं नाही. आता चैत्री पुनवेला देवळात जाऊन पारड्यात बसायचं, सगळ्या तुळजापूरदेखत. गूळ किती लागेल ते कळावं म्हणून आज आडतीवर वजन. गुंडाप्पानं आरोळी ठोकली, "अव्वा, दोन मण! वर छटाक न्हाय, खाली छटाक न्हाय!" शेजारची सत्यभामा तिथंच ज्वारी घेत उभी. नेमकी आजच कशी आली?

नवस बोलायला खण आहे, नारळ आहे, लुगडं आहे. वजनाचाच का बोलली? डाव आहे.

निश्चय: पुनवेला दीड मण. सात आठवड्यांत अर्धा मण उतरवायचं.

४ मार्च, रविवार. महाशिवरात्र

उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मग रताळं, राजगिऱ्याचे लाडू तीन. पोटात अन्नाचा कण नाही. असंच चाललं तर वजन झरझर उतरेल. म्हणून उपास वाढवायचे ठरवलं: सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचे, शनिवार मारुतीचा. हे म्हणाले, "एकादशी आणि दुप्पट खाशी." जन्मभर मास्तरकी केली, बोलायची खोड जात नाही.

दुपारी आडवी झाले तेव्हा सायकल आठवली. सतरा वर्षांची होते. ह्यांनी बार्शीला कुणाची तरी जुनी सायकल घेतली, ती छोट्या आगगाडीनं येडशीला उतरली. आम्ही दोघं आणायला गेलो. हे ती हातात धरून चालायला लागले. मी म्हटलं, ढकलत न्यायला ती काय अडलेली म्हैस आहे? कासोटा घट्ट खोचला आणि बसले. येडशी ते धाराशिव, बारा मैल, एका दमात. रामलिंगच्या रानातले मोर थांबून बघत होते. तेव्हा मी म्हणजे हरभऱ्याची काडी.

ती मुलगी कुठं गेली? इथंच आहे. वर थोडा थर चढलाय एवढंच. औषध सापडलं. सायकल.

८ मार्च, गुरुवार. पहाटे

राघूची सायकल काढली. आज बसले नाही. हॅंडल धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. तोही व्यायामच, सायकलचं वजन काय कमी असतं? मागच्या चाकात हवा नव्हती. काल होती. रात्रीतून कुणी काढली? चंद्रप्रभा विहिरीवर होती, मला बघून हसली. चोराच्या मनात चांदणं.

आल्यावर दमले म्हणून दूध. तिनं न मागता सायीसकट दिलं.

१३ मार्च, मंगळवार. उपास

दम धरवेना. अकराच्या सुमाराला लाडवांच्या डब्याकडं हात जात होता. डोळे मिटले, सायकल आठवली, मोर आठवले. हात मागं घेतला. (दोन घेतले होते, तिसरा ठेवला.) आठवण लागू पडते.

संध्याकाळी ह्यांना सहज म्हटलं, तेव्हा मी येडशीहून थेट तुळजापूरपर्यंत सायकल मारली होती, पंचवीस मैल, आठवतं का? हे पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "अगं, रामलिंगच्या उतारावर तू बसलीस. मी मागून कॅरिअर धरून पळत होतो. उतार संपला तशी तू उतरलीस. पुढं गाडीवाला भेटला, सायकलही गाडीत आणि तूही."

सत्तरीला टेकले. विसरणारच. किंवा सुनेनं पढवलं असेल. दुपारी चहा देताना दोघं काहीतरी कुजबुजत होती.

२० मार्च, मंगळवार. होळी

आज पेच पडला. मंगळवारचा उपास आणि पुरणाची पोळी. देवीचा नैवेद्य टाकला तर पाप लागतं. वजन वाढलं तरी चालेल, पाप वाढायला नको. चार पोळ्या. चंद्रप्रभा तुपाची वाटी घेऊन पाठीशी उभी, "आई, अजून अर्धी. आई, कोरडी खाऊ नका." लोकांच्या सुना सासूच्या तोंडचं काढतात, ही घालते. का घालते? पुनवेला पारडं जमिनीला चिकटावं म्हणून. मी ओळखून आहे. पाचवी खाल्ली ती तिला संशय येऊ नये म्हणून.

१ एप्रिल, रविवार

फत्ते! गुपचूप आडतीवर जाऊन वजन केलं. गुंडाप्पानं जुनी वजनं कोपऱ्यात टाकलीत, सरकारनं नवी लोखंडी पाठवलीत, किलोची. दोन मण म्हणजे ऐंशी शेर होते. आज आकडा शहात्तर! चार उतरले. गुंडाप्पा म्हणत होता, "अव्वा, ऐका तर, हे शेर न्हवं, किलो हाय, किलो शेरापेक्षा—" मी म्हटलं, आकडा सांग, व्याख्यान नको. माझं उतरलेलं त्याला बघवत नाही.

घरी नात नीला पण तेच, "आजी, शाळेत शिकवलंय, किलो मोठा असतो." म्हटलं, असेल मोठा, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको.

तामलवाडीचा बब्रुवान गूळ देणार आहे. पाच-पाच शेरांच्या सोळा ढेपा सांगितल्या होत्या. बाजारात गाठून त्याला म्हटलं, चौदा पुरे. पुनवेपर्यंत आणखी सहा उतरतीलच. तो कानाला हात लावून म्हणाला, "आजी, नवसात कमी करू न्हाय. लई वंगाळ." म्हटलं, वजन माझं आहे का तुझं? गाडी सरळ देवळात ने आणि घरी बोलू नकोस.

५ एप्रिल, गुरुवार. गुढीपाडवा

आज बसलेच. नवं वर्ष, नवा आरंभ. गल्लीला उतार आहे, रामलिंगसारखाच. ओट्यावरून पाय टाकला, सुटले. काय सांगू, सतरा वर्षांची झाले! तीन घरं गेली. मग ब्रेक कुठं असतो ते आठवेना. त्या सायकलला नव्हताच बहुतेक. सत्यभामेनं बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. भर रस्त्यात बाज टाकायची रीत आहे का? बाज मोडली. कुरडया गेल्या. सत्यभामा ओरडली, "अगं बया, म्हातारीला काय झपाटलं काय?"

गुडघा सुजला. राघू सायकलचं वाकलेलं चाक बघत राहिला, माझ्याकडं नंतर बघितलं.

१४ एप्रिल, शनिवार. उपास

नऊ दिवस बाजेवर. गुडघ्यासाठी डिंकाचे लाडू, रोज दोन. औषध आहे, अन्नात धरायचं नाही. सायकल मनातल्या मनात मारते. आज येडशीपासून सोलापूरपर्यंत गेले. घाम आला म्हणजे गुण येतोय.

१९ एप्रिल, गुरुवार

गुडघा बरा. हिरवं लुगडं काढून ठेवलं. कमरेला जरा आवळतं, धुण्यानं आटलं असणार. उद्या सत्यभामेचं तोंड बघायचं.

२० एप्रिल, शुक्रवार. चैत्री पुनव

बसले. पलीकडं ढेपा चढायला लागल्या. दहा, बारा, चौदा. माझं पारडं फरशीवरून उठेना. चिमूटभरही नाही. भोपे पुजारी म्हणाले, आणखी घाला. आणखी नव्हताच. बब्रुवान माझ्याकडं बघून खाली बघायला लागला. मग सगळं बाहेर आलं. राघूनं कपाळावर हात मारला आणि चारचौघांत हिशेब सांगितला: शहात्तर किलो म्हणजे साडेएक्याऐंशी शेर. उतरले नव्हते, चढले होते. त्यावर डिंकाचे लाडू. लोक हसले. लुगडं जाड होतं हे कुणी लक्षात घेतलं नाही.

राघू गूळ आणायला बाजारात पळाला. मी तशीच पारड्यात. उठले तर नवस मोडतो म्हणे. अर्धा तास. माणसं येऊन बघून जात होती. सत्यभामा चंद्रप्रभेला म्हणाली, "बाई, बोलताना जरा अंदाज घ्यायचास, एवढा भार बोलायचा का?"

तेव्हा चंद्रप्रभा म्हणाली, सगळ्यांपुढं, "श्रावणात आईंना मीच उचलून न्हाणीत न्यायची. एकटी. एक दिवस उचललं तर हाताला भारच लागेना, नुसतं लुगडं उचलल्यासारखं. बसकन बसले तिथंच. म्हटलं, भवानी, मला उचलता येणार नाहीत इतक्या जड कर ह्यांना. मग जेवढ्या होतील तेवढा गूळ तुझा."

कुणी हसलं नाही. सत्यभामेनं पदर डोळ्याला लावला, तिला सवयच आहे. मी लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. पारड्यात बसून माणूस दुसरं काय करणार?

राघूनं गूळ आणला. चार ढेपा लागल्या. पारडं उठलं.

घरी आल्याबरोबर डायरी काढली. मला पोरासारखं उचलून न्यायची, आणि मला ते आठवत नाही. किती दिवस उचललं, कुणाला विचारून उचललं, आणि आठ महिने ह्यातलं अक्षर माझ्यापाशी का काढलं नाही, हे उद्या सकाळी चहाच्या आधी विचारणार. उत्तर चंद्रप्रभेनंच द्यायचं. राघूनं मध्ये तोंड घालायचं नाही. ह्यांनी तर पेपर खाली ठेवायचाच नाही.