आज मी वजन घेतलं नाही

सोमवार, संध्याकाळ

झालं ते आजच लिहून ठेवते.

आज बॅलेच्या क्लासमध्ये सरांनी पुन्हा वजनकाटा मांडला. दर सोमवारी मुलींना त्यावर उभं करायचं आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, हे काम माझं. मी त्यांची असिस्टंट ना! दोन वर्षं मुकाट्यानं केलं. का केलं मी?

अकरा वर्षांची श्रावणी काट्यावर चढताना डगमगली. हळूच म्हणाली, "अक्का, कालपासून नुसतं पाणी पितेय. सर मागं मला म्हैस म्हणाले की."

मी तिला खाली उतरवलं. सरांना म्हणाले, "यापुढं मी कुणाचंही वजन घेणार नाही."

"हा बॅले आहे, लेझीम नव्हे. जमत नसेल तर घरी बस."

"बसते. पण हिच्या आईला सगळं सांगून."

श्रावणीला घरी सोडलं. तिच्या आईनं आधी तिला भाकरी वाढली, मग चप्पल घातली. क्लासमध्ये येऊन सरांना म्हणाली, "माझ्या पोरीला काय म्हणालात, ते माझ्या तोंडावर म्हणा."

न्यायला आलेल्या तीन आयांनी आपापल्या मुली उठवल्या.

माझी नोकरी गेली. जाऊ दे. ज्यांचे आकडे मी ओरडून वाचले, त्या प्रत्येकीची घरी जाऊन माफी मागणार आहे. उद्या सकाळपासून.